‘सोडू’नंतरचा थांबा

त्या दुपारी पंडित माधवराव हुपरीकरांना एक वाक्य कमवायचं होतं, अंबूताई मडकईकरांना कॅसेटची दुसरी बाजू, आणि ओगल्यांना हे दोघंही एकाच कॅसेटवर. माझं म्हणाल तर मला ऑर्गनवर सूर धरायचा होता आणि जमलं तर वेष्टनावर बारीक अक्षरांत का होईना, नाव. सगळ्यांत स्वस्त मागणी माझी, त्यामुळे मी निवांत होतो.

“मास्तर, पंखा लावा की जरा,” अंबूताई म्हणाल्या.

“पंख्याची घरघर टेपवर येते, ताई.”

“मग खिडकी?”

“खिडकी नाही.”

“दार तरी?”

मी दाराकडे पाहिलं. दाराला आतून मूठ नव्हती. गाणारी मंडळी मध्येच उठून बाहेर जातात आणि मुठीची खडखड टेपवर उतरते, म्हणून ओगल्यांनी ती काढूनच टाकली होती. दार उघडायचं ते बाहेरून, आणि ते ओगल्यांनीच. कोल्हापुरातल्या एका गादी कारखान्याच्या माडीवर त्यांनी हा स्टुडिओ थाटला होता. चारही भिंतींना खालच्याच कारखान्यातल्या गाद्या ठोकलेल्या, दारालाही एक गादी. आत बसलं की आपण बिछान्याच्या पोटात शिवले गेलो आहोत असं वाटायचं. एका बाजूला काच. काचेपलीकडे ओगले, त्यांचं टेपचं यंत्र आणि त्यांचा स्वतःचा टेबलफॅन.

“बाई, थोडं सोसा,” माधवराव म्हणाले. “एक वाक्य झालं की सुटलो.”

“तुम्ही सुटाल, पंडितजी. मला नंतर गायचंय.”

कोपऱ्यातल्या स्पीकरच्या पेटीतून ओगल्यांचा आवाज आला, “ताई, वाक्य वाचल्यासारखं नको. आठवल्यासारखं म्हणा. एकदम सहज!”

“सहज म्हणायला आधी घडलेलं असावं लागतं हो,” अंबूताई पुटपुटल्या. वाक्याच्या कागदाने त्या वारा घेत होत्या. कागदावर ओगल्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : ‘नाटकात हे पद आम्ही दोन्ही तऱ्हांनी म्हणत असू.’

या एका ओळीवर एवढी माणसं का लटकली होती ते सांगायला हवं.

‘संगीत चंद्रकंकण’ नावाचं एक नाटक महायुद्धाच्या आधी आलं आणि थोडे प्रयोग होऊन बसलं. नाटककार गेले, कंपनी मोडली, संहितेचं काय झालं कुणास ठाऊक. उरलं नायिकेच्या तोंडचं एक पद :

*सोडू नको धरू हात सख्या रे,*
*खोल किती ही धार पुढे.*

हे पद पहिल्यांदा गायल्या त्या अंबूताई. नाटकातली नायिका त्याच, आणि तबकडीही त्यांचीच. नाटकाबरोबर ती तबकडीही विस्मरणात गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी माधवरावांनी हे पद मैफलीत घेतलं आणि ते घराघरांत पोचलं. रेडिओवर तेच, गणपतीत तेच, आणि लग्नात तर विचारूच नका. वधूचा हात वराच्या हातात दिला रे दिला की बँडवाला हेच पद काढायचा. कारण माधवराव ‘नको’नंतर थांबत. सोडू नको... धरू हात.

मग पुण्याच्या प्राध्यापक गोगट्यांना जुन्या बाजारात अंबूताईंची मूळ तबकडी सापडली. चांगली स्वच्छ, फारशी न वाजलेली. त्यांनी ती लावली आणि ते ताडकन उभे राहिले, असं त्यांनीच पुढे लिहिलं. कारण अंबूताई ‘नको’नंतर थांबतच नव्हत्या. त्या ‘सोडू’नंतर थांबत होत्या. सोडू... नको धरू हात. एका श्वासाची जागा काय बदलली, ओळ उलटी फिरली. मीलनाचं पद निरोपाचं झालं. गोगट्यांनी एका साप्ताहिकात मोठा लेख पाडला. ‘सोडू’नंतरच्या त्या विरामात संगीत रंगभूमीचा सर्वोच्च त्याग आहे, नायिका प्रियकराला काठावरून परत पाठवते आहे, आणि आपण मात्र एका थोर गायकाच्या अनवधानामुळे ताटातुटीचं गाणं मांडवात वाजवत आलो, असा त्याचा मथितार्थ.

लेखाचा जमाखर्च लगेच दिसायला लागला. कोल्हापुरातच मंगळवार पेठेत लेक कुमुदकडे राहणाऱ्या, शेजाऱ्यांनाही फारशा ठाऊक नसलेल्या अंबूताईंना शाली यायला लागल्या. नारळ इतके आले की जावईबापू आता खोबऱ्याचा घाणा काढणार अशी गल्लीत थट्टा चालायची. आणि तिकडे मुंबईच्या मैफलीत माधवरावांनी हे पद सुरू केलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “पंडितजी, आज तरी बरोबर म्हणा!” लोक हसले. त्या दिवसापासून माधवरावांनी पद बंद केलं. पुढच्या महिन्यात सांगलीला त्यांच्या साठीचा मोठा कार्यक्रम होता, आणि त्या कार्यक्रमात त्यांना ते पद परत हवं होतं. अंबूताईंनी फक्त एवढं म्हणायचं, की नाटकात दोन्ही तऱ्हा होत्या. मग तोंडं बंद.

त्याच्या बदल्यात ओगले कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला अंबूताईंची मूळ तबकडी घालणार होते. नाही म्हटलं तर नुसती माधवरावांचीच कॅसेट. ओगले धमकी द्यायचे नाहीत. ते नुसते म्हणायचे, “ताई, बघा बुवा.”

सकाळी आल्या आल्या ओगल्यांनी अंबूताईंच्या कानांना हेडफोन लावून तबकडी ऐकवली होती. त्यांच्याकडे स्वतःची प्रत नव्हती. तरुणपणी ऐकलेला तो आवाज त्यानंतर आजच कानावर पडत होता. मी समोर बसून त्यांच्या चेहऱ्याचा हिशेब करत होतो. पहिली ओळ सुरू झाली, हसल्या. मग एकदम त्यांचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. संपल्यावर रडतील असं मला वाटलं होतं, ओगल्यांनी तर रुमालसुद्धा पुढे केला. त्या म्हणाल्या, “पाणी द्या.”

तहान लागल्यासारखं त्या प्यायल्या नाहीत. एकेक घोट मोजून घेतल्यासारखा घेतला. तेव्हा मी ते त्यांच्या वयाच्या खाती टाकलं होतं.

तबलजी बापू सकाळचं काम आटोपून गडहिंग्लजच्या एसटीला गेले. आता राहिलं होतं ते वाक्य आणि त्यामागून अंबूताईंच्या आवाजात पदाची एक ओळ.

“घेऊ या!” पेटी बोलली. दारावरचा लाल दिवा लागला.

अंबूताईंनी कागद डोळ्यांसमोर धरला. “नाटकात हे पद आम्ही...” आणि थांबल्या.

“ताई?”

“आम्ही म्हणजे कोण हो? गायची मी एकटी. सखा नुसता उभा असायचा.”

“मग ‘मी’ म्हणा ना!”

“मी दोन्ही तऱ्हांनी... मी काय सर्कशीत होते?”

माधवराव खाली बघत होते. अडलेला मोठा माणूस फार अवघड जागी बसलेला असतो. त्याला मागताही येत नाही आणि उठताही येत नाही. इथे तर दाराला मूठही नव्हती.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “नसेल म्हणायचं तर राहू द्या.”

“नाही कसं? दुसरी बाजू हवीय ना मला. कुमुदच्या पोरांना ऐकवायचीय. आजी गायची म्हणते, तर कार्टी हसतात. म्हणते मी, घ्या.”

लाल दिवा परत लागला. अंबूताईंनी श्वास घेतला आणि तेवढ्यात दिवा गेला. लालही, पिवळाही, काचेपलीकडचाही. ओगल्यांचं “अरे, ही वी—” पेटीतच तुटलं.

एखादं मोठं झाकण टाकावं तसा अंधार झाला. भर दुपारी. काचेपलीकडे काडी ओढल्याचा उजेड दिसला, ओगल्यांची सावली जिन्याकडे गेली, मग काहीच नाही.

मी चाचपडत दारापाशी गेलो आणि थापा मारल्या. गादीवर थापा मारल्यासारखा आवाज आला, कारण ती गादीच होती.

“ओगले! अहो ओगले!”

“बसा मास्तर,” अंबूताई म्हणाल्या. “इथला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्या माणसाने एवढी मेहनत घेतलीय.”

“फ्यूज बघायला गेले असतील,” माधवराव म्हणाले.

“मेलोबिलो तर टेपवरसुद्धा येणार नाही.”

मी चाचपडत ऑर्गनपाशी येऊन बसलो. कापसाचा वास, घाम, आणि माधवरावांच्या अत्तराचा. खाली कारखान्यातली यंत्रंही थांबलेली असणार. एरवी पायाला जाणवणारी थरथर नाहीशी झाली होती. माझ्या पायाखाली ऑर्गनचा भाता एकदा आपोआप सुस्कारला.

“पंडितजी, एक विचारू?”

“विचारा की, बाई.”

“तुम्ही ‘नको’वर थांबता, ते कुणी सांगितलं तुम्हाला?”

माधवरावांनी घसा साफ केला. “कुणी नाही. आमच्या घरी पदांची चोपडी होती, नाटकाच्या तंबूबाहेर विकायचे ती. तीत स्वल्पविराम कुठला असायला? आणि चाल उचलली ती तुमच्याच रेकॉर्डवरून. आमच्या हुपरीत एका सोनाराकडे होती. दिवसभर लावायचा. घासून घासून चाळण झालेली. ‘सोडू’नंतर आवाज तुटायचा. मी शाळकरी पोर, मला वाटायचं सुई अडकते तिथे. म्हणून मी ती जागा आपली बुजवली आणि पुढे ‘नको’वर श्वास घेतला. तेच पाठ झालं.” मग ते म्हणाले, “आज सकाळी मीही चांगली रेकॉर्ड ऐकली. सुई अडकत नाही. तुम्हीच थांबला आहात. चूक माझी.”

“थांबले नाही हो मी. थांबावं लागलं.”

“म्हणजे?”

“उचकी.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“काय?” माधवराव म्हणाले.

“उचकी लागली होती. सकाळपासूनच. कंपनीचा माणूस म्हणतो, बाई, मेणाची प्लेट तयार आहे, आता थांबता येणार नाही. पाणी प्यायले, साखर खाल्ली, श्वास कोंडून धरला. थांबली. लाल दिवा लागला, ‘सोडू’ म्हटलं आणि इथपर्यंत आली हो!” अंधारातही त्यांचा हात गळ्याशी गेला असणार. “गिळली. तशीच गिळली आणि पुढे म्हटलं. दुसरी प्लेट देतील म्हणून वाट बघितली. तो साहेब म्हणाला, ठीक आहे, चालेल.”

कुणी हसलं नाही. मग माधवरावांच्या बाजूने एक विचित्र आवाज आला. हसण्याचा की कसला, कळेना.

“म्हणजे तो विराम...”

“गोगट्यांचा तो विराम. माझी ती उचकी.”

“पण बाई, मग पदाचा अर्थ? नायिका त्याला परत पाठवते ना?”

“परत कुठे पाठवते? नदीत उभे होतो आम्ही!” अंबूताईंचा आवाज चढला, अगदी नाटकातला झाला. “निळा पडदा हलवायची दोन माणसं विंगेतून. पाणी गळ्याशी आलंय, मागून शत्रू आलाय, हातात हात धरून पलीकडे जायचंय. तिथे हात सोडून त्याग कसला करता? बुडलो असतो दोघंही! सोडू नको, धरू हात. खोल किती ही धार पुढे. एवढं सरळ आहे ते. आमचे नाटककार साधे होते हो, कोड्यात बोलायचे नाहीत.”

“म्हणजे मी...”

“तुम्ही बरोबर. पहिल्यापासून. चुकीची आहे ती मूळ रेकॉर्ड.”

अंधार असला की माणसाचा चेहरा वाचायची सोय राहत नाही. श्वासावरूनच अंदाज बांधावा लागतो. माधवरावांचा श्वास आधी जोरात झाला आणि मग नाहीसाच झाला. त्यांनी एक आडोसा मागितला होता, आणि बाईंनी त्यांच्या हाती अख्खं घर ठेवलं होतं. फुकट.

“हे आधी का नाही सांगितलंत, बाई? लेख आला तेव्हा?”

“सांगणार होते. मग पहिली शाल आली. म्हटलं, एवढी घेऊ, मग सांगू. मग दुसरी आली.” त्या जराशा हसल्या. “इतक्या वर्षांनी लोक ऐकायला लागले, तेही चुकून. त्यांना कसं सांगू, की बाबांनो, तुम्ही माझी उचकी ऐकताय?”

“वेष्टनावर ओगले ‘त्यागाचा सूर’ छापणार आहेत,” मी म्हणालो. दुसरं काय बोलणार.

“तिथे आता बदलून छापायला सांगा, मास्तर. ‘उचकीचा सूर’.”

आता आम्ही तिघंही हसलो. हसणं गाद्यांत शिरलं आणि संपलं. ते संपल्यावर मला कागदाचा आवाज आला. वाक्याच्या कागदाची त्या घडी घालत होत्या, मग घडीची घडी.

“उचकी लागली की म्हणतात, कुणी आठवण काढतंय,” माधवराव म्हणाले. “कोण काढत होतं?”

“कुमुद. तीन महिन्यांची होती. शेजारणीकडे ठेवून मुंबई गाठलेली. दूध भरून आलेलं, चोळी ओली. म्हटलं, रडत असणार कार्टी.”

“मग ती नुसती उचकी नव्हे, बाई.”

“उचकीच होती हो! तुम्ही गाणारे आणि ते गोगटे, सगळे एकाच माळेचे. कशातही अर्थ काढता.”

मग माधवरावांनी विचारलं, अगदी सहज विचारावं तसं, “तुमच्या आणखी रेकॉर्डी किती आहेत?”

“ही एवढीच. पोर आजारी पडलं, मग कंपनी मोडली, मग लग्नात आणि मुंजीत बायकांत म्हणायचं तेवढं.”

“हूं,” माधवराव म्हणाले.

“लाइट आले की सांगते सगळं. कागदबिगद नको. तुम्ही सांगलीला खुशाल गा. ताठ मानेने.”

“आणि तुमची दुसरी बाजू?”

“आहे ती वाजू दे. निदान पोरं हसतील तरी खऱ्या कारणाने.”



दिवे आले तसे डोळे दुखले. अंबूताई कोरड्या डोळ्यांनी समोर बघत होत्या. कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं होतं. माधवराव त्यांच्याकडेच बघत होते. काचेपलीकडे ओगले धापा टाकत परतले होते, हाताला ग्रीस.

“सॉरी, सॉरी! खालच्या लोकांनी सगळा लोड आमच्यावर टाकला होता. बसल्या जागी घेऊ या, नाहीतर परत जाईल. ताई, वाक्य! आणि त्यामागून लगेच ओळ. मास्तर, काळी चार धरा.”

मी सूर धरला. लाल दिवा लागला.

अंबूताईंनी घडी केलेला कागद मांडीवर ठेवला आणि मान वर केली. “खरं सांगायचं तर,” त्या म्हणाल्या, “ही जी माझी रेकॉर्ड आहे, ती—”

“ती खरी आहे,” माधवराव म्हणाले.

मैफलीत पहिला षड्ज लावावा तसे ते शब्द त्यांनी लावले. बाईंचा आवाज त्याखाली बुडाला.

“बाई मोठ्या मनाच्या आहेत, त्या माझी चूक झाकायला बघताहेत. म्हणून मीच सांगतो. हे पद निरोपाचं. मी ते लहानपणी एका झिजलेल्या रेकॉर्डवरून उचललं आणि चुकीच्या जागी थांबलो. गोगटे म्हणतात ते बरोबर. मूळ ते मूळच. माझ्या श्रोत्यांची मी क्षमा मागतो.”

“अहो!” अंबूताई म्हणाल्या.

काचेपलीकडे ओगले दोन्ही हात उंचावून उभे राहिले होते. पेटी कडाडली, “वा पंडितजी! वा! काय मन आहे! हे तर त्या वाक्याहून भारी झालं!”

“ओगले, हे पुसा.”

“ताई, असं सोनं कुणी पुसतं का?”

“मला बोलायचंय.”

“तुम्ही आता बोलायचं नाही, ताई, गायचं. त्यांनी एवढी माफी मागितली, आता तुमचा सूर. कॅसेट इथेच जिंकली आपण!”

अंबूताई माधवरावांकडे वळल्या. “वेड्या,” त्या हळू म्हणाल्या. साठीच्या पंडिताला ‘वेड्या’ म्हणणारं माणूस त्या काळात दुसरं कुणी उरलं नसावं. “अरे, तुझं पद आहे ते.”

“माझी पुष्कळ आहेत, बाई,” माधवराव म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. नमस्कार नव्हता तो. विनवणी होती.

“टेप चालू आहे!” पेटी म्हणाली.

मी सूर धरून होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथे मूठ नव्हती तिथे. मग डोळे मिटले आणि गायल्या.

सत्तरीच्या गळ्याला काय येणार असं मला वाटलं होतं. आवाज चिरलेला होता, पण त्यांनी काय केलं तर अख्खी ओळ एका दमात म्हटली. ‘सोडू’वर थांबल्या नाहीत, ‘नको’वरही नाहीत. सोडूनकोधरूहातसख्यारे, एकाच श्वासात, शेवटपर्यंत. धरायचा की सोडायचा, ज्याने त्याने बघून घ्यावं. माधवरावांच्या तोंडून नकळत “वाहवा!” निघून गेली.

“ताई,” पेटी म्हणाली, “पॉज राहिला.”

“कसला?”

“तो आपला ‘सोडू’नंतरचा फेमस पॉज! त्याच्यासाठीच तर लोक घेणार कॅसेट. परत घेऊ या.”

त्यांनी परत म्हटलं. परत एका दमात.

“ताई, तुम्हाला आठवत नाही का? परत ऐकवू का मूळ?”

“मूळ मला ऐकवता?”

“ताई, बघा बुवा.”

पाठ भिजून माझा सदरा ऑर्गनच्या बाकाला चिकटला होता. खोलीत हवाच उरली नव्हती. दार बाहेरून उघडणार होतं, आणि तो थांबा आल्याशिवाय उघडणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. आता खरं बोलल्या असत्या, तर माधवराव टेपवर खोटे पडले असते. न बोलाव्यात, तर स्वतः. माधवरावांचे हात अजून जोडलेलेच होते.

“धरा सूर, मास्तर,” अंबूताई म्हणाल्या.

“सोडू” म्हणून त्या थांबल्या. गळा वरून खाली एकदा हलला, काहीतरी गिळल्यासारखा. मग “नको धरू हात सख्या रे”.

“तेच!” ओगले ओरडले. “डिट्टो तेच!”

दार उघडलं. गादी कारखान्यातली गरम हवासुद्धा त्या वेळी गार वाटली. जिन्यात अंबूताई माधवरावांचा हात धरून उतरत होत्या, कारण जिना अरुंद होता आणि कठड्याला ग्रीस लागलं होतं. मी मागे होतो. त्या म्हणाल्या, “आता मरेपर्यंत थांबायला लावलंत मला तिथे.”

“पायरी बघा,” माधवराव म्हणाले.

सांगलीच्या कार्यक्रमात पदाची फर्माईश झाली तेव्हा माधवरावांनी “ते आता बाईंना विचारा” म्हणून हात जोडले, आणि लोकांनी त्यावरच टाळ्यांचा कडकडाट केला. पुन्हा त्यांनी ते कधी गायलं नाही. बाईंना जिथे तिथे गायला लावायचे. मी साथीला असायचो. ‘सोडू’ म्हणून त्या थांबायच्या, गिळायच्या, आणि पहिल्या रांगेतले गोगटे डोळे टिपायचे. एकदा साताऱ्याला त्या थांबल्या आणि नजर माझ्याकडे गेली. पुढची ओळ यायला नेहमीपेक्षा जरा उशीर झाला. लोकांना तो उशीरही आवडला.

दोघंही गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा पुतणीच्या लग्नात वराने वधूचा हात धरला आणि बँडवाल्याने तेच पद काढलं. हल्लीचा शिकलेला बँडवाला. क्लॅरिनेटवर ‘सोडू’ म्हणून असा काही थांबला, की पोरीने दचकून हात मागे घेतला. मंडपात हशा झाला. गुरुजी म्हणाले, “धरा हो, धरा!”

तर सगळं मांडून बघतो तेव्हा असं दिसतं. ओगल्यांची कॅसेट अजून खपते. गोगट्यांचा लेख शाळेच्या पुस्तकात गेला. माझं नाव वेष्टनावर आलं, ‘पोंक्षे’चं ‘पोक्षे’ होऊन. माधवरावांच्या मृत्युलेखात त्यांच्या थोर गायकीबरोबर त्या चुकीचीही आठवण होती, ‘मोठ्या मनाने मान्य केलेली’ म्हणून. पद त्यांनी दिलं. आणि बाईंनी ती एक उचकी मरेपर्यंत फेडली.